तीन ताटल्या, एक डबा

मैंदर्गीला चुलत सासऱ्यांच्या मातीला गेलो होतो. माणूस नव्वदीचा, भरल्या घरातून गेलेला, त्यामुळं रडारड बेताचीच. मी हात जोडून उभा होतो. तेवढ्यात शेजारच्या पाहुण्यानं कानाशी तोंड आणलं आणि विचारलं, "मल्लूअप्पा, ते छताला लावायचं महागाचं वायफाय येतंय बगा, ते घेण्यासारखं हाय का ओ? का नुसतं नावाचं?" मी म्हटलं, "माती तरी पडू दे की." त्यावर तो म्हणतो, "पडू दे की. मी कुटं नको म्हणलो? तुमी सवडीनं सांगा."

हा प्रश्न मला कुठं कुठं विचारला गेलाय म्हणून सांगू. लग्नात अक्षता टाकताना विचारलाय. दाताच्या डॉक्टरकडं तोंडात नळी घालून बसलो होतो तेव्हा विचारलाय, आणि विचारणारा तो डॉक्टरच होता. उत्तर ऐकायला म्हणून त्यानं नळी काढली आणि पुढं अर्धा तास दात तसाच राहिला. म्हणून अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" असं म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. एकदाच लिहून टाकायचं, आणि इथून पुढं जो विचारील त्याच्या हातात अंक द्यायचा.

माझं काम म्हणजे वायरी ओढणं. आधी डिशच्या, मग केबलच्या, मग टेलिफोनच्या आणि शेवटी इंटरनेटच्या. कुठल्या साली काय केलं ते सांगत बसत नाही, माझं मलाच नीट आठवत नाही. गुडघ्यांना मात्र सगळं आठवतंय. अर्धं सोलापूर मी शिडीवरून बघितलंय, आणि वरून बघितलं की माणसाचं टक्कल आधी दिसतं, श्रीमंती नंतर. स्वभाव माझा जरा तिखट. गिऱ्हाईकाशी गोड बोलायचं असतं हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही फारसं जमलं नाही.

आता धंद्याचं, बाहेरच्या माणसाला समजेल असं. घरात इंटरनेटची वायर येते ती राऊटरमध्ये. राऊटर म्हणजे लग्नघरचा आचारी. आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून जे असतं तो पंगतीतला वाढपी. तो इंटरनेट शिजवत नाही, नुसतं वाढतो, हवेतून. आपल्या घरी जो साधा डबा असतो त्यात आचारी आणि वाढपी एकच. चार माणसांचं घर असेल तर तो भाजीही ढवळतो आणि चपातीही वाढतो, काही बिघडत नाही. पण चाळीस पानं मांडली की त्याचं डोकं फिरतं. कुणाच्या पानात दोनदा भात, कुणाचं पान कोरडं. महागातला जो असतो तो शिकलेला वाढपी. चाळीस पानं नजरेत ठेवतो, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला विसरत नाही, आणि तुम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलात तर तिथल्या वाढप्याच्या हाती तुम्हाला अलगद सोपवतो. जास्तीचे पैसे त्या शिकण्याचे. दिसायला पांढरा, गोल, पोह्याच्या ताटलीएवढा. गिऱ्हाईक त्याला ताटलीच म्हणतं. मीही इथं तसंच म्हणतो. महागाची ती ताटली, स्वस्तातला तो डबा.

जुळे सोलापुरात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. दोन खोल्या, नवरा-बायको दोघंच. त्यांनी मुलाच्या सांगण्यावरून आठ शिंगांचा लई महागडा राऊटर मागवला आणि मला बोलावून म्हणाले, "स्पीड जाणवत नाही." बायकोनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, आणि प्रत्येक शिंगासाठी रुमालात एकेक भोक ठेवलं होतं. मी विचारलं, "सर, तुम्ही बघता काय?" तर म्हणाले, "सकाळी राशिभविष्य आणि रात्री नातवाचे फोटो." मी म्हटलं, "सर, भविष्य याच्याहून लवकर कुठून येणार?" त्यानंतर सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बाई मात्र बोलत होत्या.

करकंबचे एक ऊसवाले पाटील. त्यांना म्हशींचा गोठा मोबाइलवर दिसायला हवा होता. एक कॅमेरा, एक डबा, काम झालं. मी तसं सांगितलं तर चिडले. "मल्लूअप्पा, मी परवडत न्हाय म्हणलो का तुमाला? माज्या म्हशीला कमीपणा नको." मी तरी डबाच लावला. तो अजून चालतोय आणि पाटील अजून रागावलेले आहेत, कारण त्यांच्या मेहुण्याकडं ताटली आहे.

हे दोन किस्से अशासाठी सांगितले, की मी उठसूट महागाचं गळ्यात मारणारा माणूस नाही हे तुम्हाला कळावं. कारण आता जी हकीकत सांगणार आहे, तिच्यात मी ते मारलं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत व्यंकटेशअण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. चोवीस माग. अण्णा पद्मशाली, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि परदेशी गिऱ्हाईकाशी फक्त "यस मॅडम". कारखाना कागदोपत्री अण्णांचा, पण चालतो तो त्यांच्या आईच्या नजरेवर. आईला सगळे अम्मा म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या पुढं. ऑफिसच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लग्न होऊन आल्या तेव्हा दुसऱ्याच्या मागावर सुताच्या कांड्या भरायच्या. नंतर एकेक माग घेत चोवीस झाले. प्रत्येक माग कुठल्या वर्षी आला ते अण्णांना विचारावं लागतं, अम्मांना तोंडपाठ आहे. तिसरा माणूस उस्मानभाई. ते जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग आजारी पडला की डॉक्टर तेच आणि शिवी देणारेही तेच.

त्या वर्षी चोवीसपैकी बारा माग बंद होते. काम नव्हतं. परदेशातल्या एका बाईंची हॉटेलांसाठी मोठी ऑर्डर यायची होती. बाई स्वतः येणार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, माग चालताना, शिलाई होताना, पॅकिंग होताना मला सगळं व्हिडिओवर दाखवा, सलग, मध्ये न तोडता. आता मागाच्या शेडमध्ये वर पत्रा, खाली लोखंड. मोबाइलचं नेट आत येतच नाही. ऑफिसात एक जुना डबा होता, त्याच्यावर ऑफिसचे, शिलाईच्या बायकांचे, सगळ्यांचे मिळून चाळीस मोबाइल बसलेले. पहिल्या खेपेला तिसऱ्या मागापाशी फोन तुटला. दुसऱ्या खेपेला चित्र थिजलं, आणि थिजलं ते अण्णा जांभई देताना. बाईंनी तेवढंच पाच मिनिटं बघितलं. मग त्यांचा निरोप आला, की तिसऱ्यांदा असं झालं तर त्या दुसरीकडं बघतील.

दुसरीकडं म्हणजे काय ते अण्णांनी मला सांगितलं नाही, उस्मानभाईंनी सांगितलं. बारा माग भंगारात जाणार होते. भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. आमच्याकडं माग विकला जातो तो किलोवर. उस्मानभाई म्हणाले, "मल्लूअप्पा, बारा माग किलो पे गये तो आधे लोगां घर कू जाते. और मैं कायका जॉबर? आधा जॉबर?" हे ते हसत म्हणाले, पण हातातला पाना उगाच पुसत होते.

मी शेड फिरलो आणि अण्णांना सांगितलं, तीन ताटल्या लागतील. किंमत सांगितली तेव्हा अण्णांनी पंखा वाढवला. मग म्हणाले, "एवढ्यात अम्माच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होतंय की ओ." अम्मा दारातून म्हणाल्या, "माझे डोळे बरे आहेत. त्याला विचार, ह्यात काय सोनं आहे?"

मग मी सुरू झालो. गर्दीत हे कसं चालतं, लोखंडातून कसं वाट काढतं, माणूस चालत गेला तर फोन कसा तुटत नाही, सगळं सांगितलं. तासभर बोललो. टेबलावरचा जुना डबा उचलला आणि म्हटलं, "हे खेळणं आहे अण्णा. फेकून द्या." आणि शेवटी, कुणी विचारलं नव्हतं तरी, जीभ उचलून टाळ्याला लावली. म्हटलं, "हे बाईंच्या व्हिडिओच्या दिवशी चाललं नाही तर मी परत शिडीला हात लावणार नाही." माझ्या बायकोचं म्हणणं, मी असल्या शपथा घेतो कारण पाळायची वेळ तिच्यावर येते.

तीन ताटल्या लागल्या. शेडच्या लोखंडी खांबांवर, बारा फूट उंचीवर. शेडमध्ये आधी कुणी ओढलेली नेटची जुनी लांब वायर मी खाली काढून गुंडाळून ठेवली. मग मोबाइलवर गाणी लावून पहिल्या मागापासून पॅकिंगपर्यंत दोनदा चालत गेलो. एक सूर तुटला नाही. शिलाईच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कारबिमस्कार केला. घरी जाऊन तिखट-मीठ लावून सांगितलं.

मग अण्णांनी बाईंना दिवस विचारला. बाईंनी एक दिवस सांगितला आणि अण्णा म्हणाले, "यस मॅडम." फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं तर ती खंडेनवमी.

सोलापुरात खंडेनवमीला यंत्राची पूजा म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. आदल्या दिवशी माग धुवून पुसून चकाचक. पूजा झाली, हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. तिला विश्रांती. वर्षभर राबवलं, आता एक दिवस तिचा. उस्मानभाईंचा या दिवशीचा उत्साह बघावा. हार कुठल्या मागाला केवढा, ते तेच ठरवतात.

बाईंना दिवस बदला म्हणायची अण्णांची छाती नव्हती. अम्मांनीच तोड काढली. गुरुजींनी दोनदा यायचं. सकाळी ऑफिस, तिजोरी आणि वजनकाट्याची पूजा. बाईंचा व्हिडिओ दुपारी दोनला. बंद असलेले बारा धरून सगळे माग आणि शिलाईच्या मशिनी तोवर चालू द्यायच्या, त्यांची पूजा संध्याकाळी. सगळ्यांचं समाधान झालं.

खंडेनवमीला मी दुपारी एकला पोचलो. नवा शर्ट घालून, हात हलवत. काम काहीच नव्हतं, आपलं कौतुक बघायला गेलो होतो. शेडमध्ये जाऊन मोबाइल काढला तर वायफायची एकच काडी, तीही येतेय-जातेय. दुसऱ्या मागापाशी गेलो, तीही गेली. मी वर बघितलं.

खांबावर ताटली नव्हती. ताटलीच्या जागी पत्र्याची पेटी होती. चांगली जाड पत्र्याची, कोपरे घासलेली, निळा रंग दिलेली, पुढं छोटं दार, दाराला पितळी कुलूप. आतला दिवा दिसावा म्हणून रुपयाएवढं एक भोक. वर झेंडूचा हार, दारावर हळदकुंकवाची पाच बोटं. पुढच्या खांबावर तशीच. त्याच्या पुढच्या खांबावर तशीच. तीन ताटल्या, तीन पेट्या.

उस्मानभाई मागून येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाले, "कैसा है? तीन दिन बैठ के बनाया. अम्मा बोले, इतना महाग सामान है, उस पे रुई बैठती, कोई हात मारता. कुलुपात रक. तो मैं करा."

मी विचारलं, "उस्मानभाई, लोखंडाच्या पेटीत बसून वाढपी वाढणार कसा?" ते म्हणाले, "भोक है की."

आता हसतो. तेव्हा आधी घड्याळ बघितलं. अण्णा नवा शर्ट घालून मोबाइल काठीला लावत होते. पाऊण तास उरला होता. मी ऑफिसच्या दारात गेलो आणि अम्मांकडं किल्ल्या मागितल्या. त्या म्हणाल्या, "उद्या."

"अम्मा, पेटी उघडल्याशिवाय चालायचं नाही."

"सकाळी ऑफिसबरोबर पेट्यांचीही पूजा झाली. उद्या उघडायचं."

"बारा माग जातील अम्मा."

त्यांनी कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. म्हणाल्या, "माग मला माहीत नाहीत का? सातवा घेतला तेव्हा व्यंकटेश पोटात होता. माग वाचवायचे म्हणून मागांचाच दिवस मोडायचा? मग वाचवून काय करू?" आवाज चढला नव्हता. हात मात्र किल्ल्यांवर घट्ट होता.

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "हे असलं धरून बसलं की धंदा बुडतो. देवाला सगळं कळतं. मी कुलपाला हातच लावत नाही, पेटी खांबाला ज्या स्क्रूंनी लावलीय ते काढतो." आणि पिशवीसाठी स्कूटरकडं गेलो. पिशवी नव्हती. असणार कशी? खंडेनवमी माझ्या घरीही होती. पक्कड, कटर, स्क्रू ड्रायव्हर, सगळं सकाळी पाटावर मांडून, कुंकू लावून, हार घालून मी स्वतः नमस्कार करून निघालो होतो. उस्मानभाईंच्या पान्यांचाही मान सकाळीच झाला होता, वजनकाट्याशेजारी.

बायकोला फोन लावला. तिला म्हटलं, पाटावरचा मोठा स्क्रू ड्रायव्हर शेजारच्या रिक्षावाल्याबरोबर पाठव. ती कानडीत एवढंच म्हणाली, "मुट्टब्याड्री." हात लावू नका. मी काहीतरी सांगायला लागलो तर फोन ठेवलेला. गडबडीत माझा स्पीकर चालू होता आणि मी अम्मांच्या खुर्चीपासून चार हातांवर होतो.

अम्मा म्हणाल्या, "तुझ्या बायकोला कळतंय."

पंधरा मिनिटं तशीच गेली. अण्णा पायरीवर बसले. काठी मांडीवर आडवी. "बारा माग गेले," असं हळू म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. इतक्या वर्षांत गिऱ्हाईकाला असं बघितलं नव्हतं. मला लाज वाटली. ताटलीत काही खोट नव्हती. मी तासभर तिचं गुणगान केलं, तिची किंमत तीनदा सांगितली, पण तिला उघडी ठेवा, एवढं एक वाक्य सांगितलं नाही. माझ्या धंद्यात ते कुणीही सांगतं. मला वाटलं, हे काय सांगायचं? आणि ज्या घरात महागाची चीज कुलपात ठेवतात, त्या घरात मी महागाची चीज देऊन गेलो होतो.

अम्मांनीच विचारलं, "जुना डबा होता ना? तो ऑफिसात चालत होता ना?"

मी म्हटलं, "अम्मा, ते खेळणं आहे."

"त्याची पूजा केलेली नाही. स्वस्तातला आहे म्हणून कुणी केली नाही. त्याला घ्या."

डबा कुठाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उस्मानभाई खाली बघत म्हणाले, "मेरे कपाट में है. आप फेको बोले, मेरेकू फेकवेना." डबा आला. त्याच्याबरोबर लाइट गेल्यावर चालायची छोटी बॅटरी, तीही भरलेली. मी गुंडाळून ठेवलेली जुनी वायर आली, दोन्ही टोकं शाबूत. आणि मला एकदम कळलं. डबा चाळीस पानं वाढू शकत नाही, लांब वाढू शकत नाही. पण आज पाहुणा एकच. त्या पाहुण्याच्या पाठोपाठ वाढप्यालाच चालवत न्यायचं. मी वायरीचं एक टोक ऑफिसच्या भिंतीतल्या नेटच्या खोबणीला, दुसरं डब्याला लावलं, डब्याचा पासवर्ड बदलला, चाळीसच्या चाळीस मोबाइल उठवले, एकट्या अण्णांना बसवलं. शिलाईतून ओरडा झाला, "वायफाय गेलं की ओ." मी म्हटलं, "गेलं नाही, येतंय तुमच्याकडं."

दोन वाजता बाई मोबाइलवर आल्या. अण्णा पुढं, हातात काठी, काठीला मोबाइल. दोन पावलांवर त्यांच्या मागं मी. मागांचं लोखंड आडवं येऊ नये म्हणून डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेला, वर बॅटरी चिकटपट्टीनं बांधलेली. माझ्या मागं उस्मानभाई, वायर सोडत. चालू मागात वायर गेली असती तर तिच्याबरोबर माझे हातही गेले असते, म्हणून ते पाय बघत नव्हते, फक्त वायर बघत होते. आणि सगळ्यांच्या मागं अम्मा, काठी टेकत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तिसरा माग गेला. जिथं पहिल्यांदा तुटलं होतं तिथून पुढं गेलो. बाई मध्येच थांबवत होत्या, हे दाखवा, ते जवळून दाखवा. त्या थांबल्या की मीही थांबायचो, हात वर तसेच. साठी उलटलेल्या माणसानं दहा मिनिटं हात वर धरून बघावं. अठराव्या मागापाशी वायर मागाच्या पायाला अडकली आणि मला मागून झटका बसला. उस्मानभाईंनी एका हातानं माग थांबवला, दुसऱ्यानं वायर सोडवली, माग परत चालू केला. बाई म्हणाल्या, कामगार फार तत्पर आहेत. अण्णा म्हणाले, "यस मॅडम."

शिलाई दाखवून झाली. बाईंनी बायकांना टॉवेल उलटा करून दाखवायला लावला. पॅकिंगची खोली वीस फुटांवर आणि वायर संपली. मी दारातच टाचा उचलून, एक हात आत घालून, डबा पुढं करून उभा राहिलो. माणूस जेवढा लांब होऊ शकतो तेवढा झालो. अण्णांनी खोके दाखवायला मोबाइल फिरवला आणि त्यात मी आलो.

बाई थांबल्या. दारात तो माणूस कोण आहे, असं त्यांनी विचारलं. अण्णांना इंग्रजी सुचेना. माझ्याकडं बघितलं, परत मोबाइलकडं बघितलं, आणि म्हणाले, "मॅडम, धिस इज अवर वायफाय."

बाईंनी तोंड कॅमेऱ्याजवळ आणलं. मग विचारलं, "इज ही ऑलराइट?"

"यस मॅडम," अण्णा म्हणाले.

फोन संपल्यावर मी तिथंच खोक्यावर बसलो. हात खाली येईनात. उस्मानभाईंनी एकेक करून खाली घेतले. कोजागिरीच्या आत ऑर्डरचा होकार आला. भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं ते अम्मांनी स्वतः, तेलुगूत, आणि बराच वेळ.

दसऱ्याच्या सकाळी अम्मांनी सोन्याबरोबर किल्ल्यांचा जुडगाही माझ्या हातात ठेवला. मी शिडी लावली, तिन्ही पेट्या काढल्या. एकेक ताटली मोकळी झाली तसा शेडमधला एकेक मोबाइल वाजायला लागला. त्या ताटल्या तेव्हापासून चालताहेत. चाळीस माणसं, एवढं लोखंड, एकदाही तक्रार नाही. पेट्या वाया गेल्या नाहीत, शिलाईच्या बायका त्यात जेवणाचे डबे ठेवतात.

पण त्या दिवशी ताटल्या चालल्या नव्हत्या, आणि मी बोलून बसलो होतो. अण्णा म्हणाले, ते काय मनावर घ्यायचं? घेतलं मी मनावर. खाली उतरलो आणि शिडी उस्मानभाईंना देऊन टाकली. गुडघे बरं म्हणाले, बायको बरं म्हणाली. मलाच चार-सहा महिने बरं वाटत नव्हतं. कुणाच्या घरी गेलो की नजर आधी वर जायची.

तेव्हा, मैंदर्गीच्या पाहुण्यांसकट सगळ्यांना उत्तर. दोन खोल्या आणि राशिभविष्य असेल तर डबा घ्या. चाळीस माणसं आणि मध्ये भिंती किंवा लोखंड असेल तर ताटली घ्या, पैसे वसूल आहेत. आणि घेतलीत तर उघडी ठेवा. रुमाल घालू नका.

गेल्या खंडेनवमीला अण्णांनी मला पूजेला बोलावलं. आता गुरुजी एकदाच येतात. मागांना हार पडले, तिन्ही ताटल्यांना लांबून कुंकू लागलं, लांबूनच, अम्मांची सक्त ताकीद. चौरंगावर मधोमध जुना डबा होता. त्याला सगळ्यांत मोठा हार, तो उस्मानभाईंनी ठरवलेला. अम्मांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग मला हाक मारली, "मल्लू, इटु रा." इकडं ये. मी पुढं झालो तर त्यांनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं. ताटातला उरलेला हार माझ्या गळ्यात घातला.

मी म्हटलं, "अम्मा, मला कशाला? मी काय यंत्र आहे?"

त्या म्हणाल्या, "व्यंकटेशनं त्या बाईला काय सांगितलं होतं?" आणि स्वतःची प्लास्टिकची खुर्ची माझ्याकडं सरकवून शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "याची पूजा झालीय. उद्यापर्यंत याला कुणी कामाला लावायचं नाही."

मी बसलो. पाया पडायला आलेला अण्णांचा एक व्याही वाकता वाकता म्हणाला, "मल्लूअप्पा, ते महागाचं वायफाय..." उस्मानभाईंनी त्याचा हात धरून त्याला बाजूला नेलं.